कुंपणापासून किती मीटरवर?

नाशिक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. निफाड तालुक्यात द्राक्षबागांशेजारी होणाऱ्या सौर प्रकल्पाच्या उष्णतेने बागा बिघडतील का, यावरच्या त्या बैठकीत कंपनीच्या अधिकाऱ्याने एक इंग्रजी शोधनिबंध टेबलावर ठेवला, बागायतदारांच्या एका मुलाने मोबाइलवर दुसराच उघडून दाखवला, आणि मग सगळे तुझ्याकडे बघू लागले. ‘सर, यातला खरा कोणता, आणि तो गावाला पटवून कसा द्यायचा?’ असं तू विचारतेस. पटवून द्यायचं काम तू अंगावर घेऊच नकोस. कंपनीने नेमलेल्या सल्लागार संस्थेकडून तुला पगार मिळतो. तू कितीही प्रामाणिक असलीस तरी तुझा निकाल गाव मानणार नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

दोन्ही निबंध मी वाचलेले आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. बागायतदारांनी दाखवला तो २०१६ चा, ग्रेग बॅरन-गॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला. सौर प्रकल्पाच्या आतली हवा रात्री शेजारच्या मोकळ्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंशांनी गरम राहते, असं त्यांना आढळलं. कंपनीने ठेवला तो २०१३ चा, वासिलिस फ्थेनाकिस आणि युआनहाओ यू यांचा. त्यांच्या हिशेबात प्रकल्पाच्या मध्यभागी वर्षाची सरासरी जास्तीत जास्त १.९ अंशांनी वाढते, पण कुंपणापासून ३०० मीटरवर तो फरक जवळजवळ उरत नाही. एकाने आतली रात्र मोजली. दुसऱ्याने वर्षाची सरासरी काढली आणि ऊब बाहेर किती लांब जाते ते पाहिलं. त्या दोघांत भांडण नाहीच. भांडण तुमच्या बैठकीत झालं, कारण गावाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे हे तिथे कुणी विचारलंच नाही.

आता द्राक्षाच्या बाजूने बघ. निफाडचा हिवाळा तुला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या दिवसांत राज्यातल्या नीचांकी आकड्यांमध्ये असतो. फार खाली गेला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात, कारण पाणी उतरलेले, म्हणजे पिकू लागून मऊ झालेले, मणी थंडीने तडकतात. अशा रात्री कुंपणालगतच्या बागेत एखादा अंश ऊब आलीच, तर तिला नुकसान म्हणायचं का, हे बागायतदारानेच सांगायला हवं. तोच अंश मे महिन्यात आला तर गोष्ट वेगळी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पुढच्या हंगामाचे घड काडीतल्या डोळ्यांत तयार होत असतात, आणि तेव्हाच्या वाढीव उष्णतेचा फटका थेट पुढच्या मालाला बसू शकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तर काळजी तापमानापेक्षा दवाची आणि हवेतल्या ओलाव्याची असते, कारण केवडा हा बुरशीचा रोग त्यानेच येतो. शिवाय बांधकामाच्या डंपरची धूळ घडांवर बसते. तिचा पॅनेलच्या उष्णतेशी संबंध नाही, पण बैठकीत या सगळ्या तक्रारी एकाच गठ्ठ्यात आल्या आणि कंपनीने त्या सगळ्यांना एकाच निबंधाने उत्तर दिलं.

‘प्रकल्पाने बागा बिघडतील का?’ हे मोजता येत नाही. ‘मे महिन्यात दुपारी, मांडवाच्या उंचीवर, कुंपणापासून ५०, १५० आणि ३०० मीटरवरचं तापमान लांबच्या तशाच बागेपेक्षा किती जास्त आहे?’ हे मोजता येतं. पहिल्या प्रश्नाचे असे दुसरे प्रश्न करणं हेच तुझं खरं काम, आणि तेही एकटीने करू नकोस. बागायतदार, कंपनीचा अभियंता, सरपंच, गायरानावर मेंढ्या चारणारे, महावितरणचा जबाबदार माणूस, सगळे समोर बसलेले असताना प्रश्न मराठीत लिहा, मोठ्याने वाचा, खोडा, पुन्हा लिहा. एक अख्खी संध्याकाळ यात गेली तरी जाऊ दे.

त्यानंतर, मोजणी सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बाजूंना एक गोष्ट विचार: किती फरक निघाला तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल? बागायतदाराने सांगावं की अमुक अंशाच्या आत असेल तर माझी हरकत नाही. कंपनीने सांगावं की त्याहून जास्त निघाला तर आम्ही कुंपण मागे घेऊ, मध्ये झाडांचा पट्टा ठेवू किंवा भरपाई देऊ. दोन्ही आकडे कागदावर, सह्यांसकट. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. आकडे हातात आल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. तेव्हा ज्याच्या विरुद्ध ते जातात त्याला यंत्रात खोट दिसू लागते, आणि मग पुढचं वर्ष यंत्रावर वाद घालण्यात जातं. आकडे यायच्या आधी मात्र माणूस आपल्या मनाशी प्रामाणिक असतो. आणि एखादी बाजू म्हणाली की काहीही निघालं तरी आमचं मत बदलणार नाही, तर त्यांचा वाद तापमानाचा नाही हे तुला तिथेच कळेल. तेही कळणं फार गरजेचं आहे.

यंत्रांचं थोडक्यात सांगतो. सगळे सेन्सर आधी आठवडाभर एकाच बागेत शेजारी शेजारी टांगा. साध्या सेन्सरांमध्ये आपसातच अर्ध्या अंशाचा फरक असू शकतो, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नोंदवला गेला पाहिजे. उन्हापासून आडोसा देणारी पांढरी झडपांची पेटी प्रत्येकाला हवीच. एक पेटी सगळ्यात कडवा विरोध करणाऱ्याच्या बागेत, त्याच्याच ताब्यात दे. नोंदी दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू देत, जशा निघाल्या तशा, तुझ्या स्पष्टीकरणाशिवाय.

आणि हे सगळं पॅनेल बसायच्या आधी सुरू झालं पाहिजे. आधीच्या नोंदी नसतील तर नंतरच्या कितीही असल्या तरी तुलना कशाशी करणार? औष्णिक प्रकल्पाला केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी लागते. सौर प्रकल्प त्या अधिसूचनेत येत नाहीत. म्हणजे निफाडच्या बागायतदाराला आपला प्रश्न अधिकृतपणे मांडायला कायद्याने जागाच दिलेली नाही. ती जागा तुम्हाला आपणहून तयार करावी लागेल, नाहीतर लोक कोर्टात जातील. माळढोकाचं काय झालं ते आठव. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्ष्यासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं आणि मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन विषय तज्ज्ञ समितीकडे दिला. तज्ज्ञांना एकत्र बसवायचंच होतं, तर ते सुरुवातीलाच का नको?

तज्ज्ञ कोण हेही दोघांनी मिळून ठरवावं. द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पाण्याचं काही निघालं तर नाशिकलाच दिंडोरी रोडवरची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पैसे कंपनीने द्यावेत, पण ते ग्रामपंचायत आणि कंपनी यांच्या संयुक्त सहीने खर्च व्हावेत.

पाण्याचं निघेलच. पॅनेल धुवायला बोअर मारला की शेजारच्या विहिरीवाल्याचा जीव खालीवर होतो. माझी नोकरी विहिरींच्या पातळ्या मोजण्यात गेली, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहितो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते मुरुमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत असतं, आणि शंभर फुटांवरच्या दोन विहिरी एकमेकींना ओळखतही नाहीत असं वागू शकतात. एका प्रकल्पाजवळ असाच वाद पेटला होता. भूवैज्ञानिक म्हणत होते थर वेगळे आहेत, शेतकरी म्हणत होते विहीर उतरली. शेवटी बोअर ठरवून सलग चालवला आणि आसपासच्या प्रत्येक विहिरीवर तिच्या मालकानेच टेप सोडून ठरल्या वेळेला पातळी लिहिली. काही विहिरी उतरल्या, बऱ्याच उतरल्या नाहीत. ज्यांच्या उतरल्या नाहीत त्यांनीच मग ज्यांच्या उतरल्या त्यांच्यासाठी कंपनीकडे भरपाई मागितली. आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, म्हणून ते झालं. माझ्या अहवालाने ते झालं नसतं.

एकमत होणारच असं मात्र समजू नकोस. १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग बसला. कादर अस्मल अध्यक्ष, १२ सदस्य, आणि त्यात एकीकडे आपल्या मेधा पाटकर तर दुसरीकडे वीजनिर्मितीची यंत्रं बनवणाऱ्या एबीबीचे प्रमुख योरान लिंडाल. नोव्हेंबर २००० मध्ये सगळ्यांचा मिळून एक अहवाल निघाला. मेधाताईंनी सही केली आणि आपली वेगळी टिप्पणी त्याच अहवालात जोडली. तुमच्याही अहवालात मतभेदाला असं पान ठेव. भारत सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. म्हणून सांगतो, ज्याच्या सहीने पुढचा निर्णय होणार आहे तो माणूस पहिल्या बैठकीपासून खोलीत हवा.

गायरानाचा वाद मोजणीत आणू नकोस. गावाची चराऊ जमीन प्रकल्पाला द्यायची की नाही, हे ठरवायला तापमापक लागत नाही. तो ग्रामसभेच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि त्याला विज्ञानाचं रूप देऊन टाळणं हा गरिबावर अन्याय आहे. इथे गावातही दोन बाजू आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळणार असेल, तर रात्री बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी भरणाऱ्याला प्रकल्प हवाच आहे. त्याचंही खरं आहे. त्याला आणि मेंढपाळाला समोरासमोर बोलू दे. मध्ये आकडे घालू नकोस.

पंपिंग टेस्टचा, म्हणजे बोअर सलग चालवून विहिरींच्या पातळ्या मोजण्याचा, तक्ता कसा आखायचा ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवतो आहे. बैठकीची तारीख दिवाळीच्या आधीची धर. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे कोकणाच्या दिशेने निघतात, आणि मग पावसाळ्यापर्यंत त्यांच्या बाजूने बोलायला तिथे कुणी नसेल.

तुझे सर