वायतुरा घरच्या टाकीत लावावा का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात कास पठारावर गेलो असता खडकावरील उथळ पाण्यात वायतुऱ्याचे असंख्य तुरे दिसले. ही वनस्पती दुर्मीळ आहे, असे सोबतच्या मार्गदर्शकाने सांगितले. एवढी विपुल दिसणारी वनस्पती दुर्मीळ कशी? आणि तिचे दोन-चार कंद आणून घरच्या कमळाच्या टाकीत वाढवले, तर तिच्या संवर्धनाला हातभार लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : कंद आणू नयेत. कासचे पठार राखीव वनात मोडते आणि तेथून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती उचलणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी या बेताने वायतुऱ्याचे भले होणार नाही.

वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वतंत्र जाती म्हणून तिचे वर्णन केले. दोन फाट्यांचा तुरा ही तिची सहज पटणारी ओळख. एखाद्या डबक्यात ती दाटीने वाढते, हे आपण पाहिले ते खरेच आहे. मात्र अशी डबकी सातारा परिसरातील जांभ्याच्या मोजक्या उंच पठारांवरच आहेत आणि त्यांपलीकडे जगात इतरत्र ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. दुर्मिळता एका ठिकाणच्या संख्येवरून ठरत नाही, तर अशी ठिकाणे किती उरली आहेत यावरून ठरते.

या डबक्यांची घडण समजून घेतली पाहिजे. सुमारे १,२०० मीटर उंचीवरील जांभ्याच्या थरावर माती अगदी पातळ असते. पावसाचे पाणी खोलगट जागी साचते, चार महिने टिकते आणि पाऊस सरल्यावर आटून जाते. वायतुऱ्याचा कंद उन्हाळाभर कोरड्या मातीत निपचित पडून राहतो आणि जूनच्या पावसाबरोबर पुन्हा पाने काढतो. आपल्या टाकीत मात्र बारमाही पाणी असते. शिवाय या कुलातील बियांना सहसा सुप्तावस्था नसते. त्या लगेच रुजतात, त्यामुळे धान्यासारख्या वाळवून वर्षानुवर्षे साठवणे अवघड असते. डबके बुजले, तर परत पेरण्यासाठी बियाणे हाताशी असेलच असे नाही.

म्हणूनच सद्भावनेने केलेली कामेही घातक ठरू शकतात. पाणी अडवण्याच्या उत्साहात डबके खोल करून बारमाही तळे केले, किंवा ‘ओसाड’ पठार हिरवे करायचे म्हणून वृक्षारोपण केले, तर वायतुऱ्याला हवी असलेली उथळ, उघडी, हंगामी ओल नाहीशी होते. (पठाराला पडीक म्हणण्याची सवय सरकारी कागदांतही आहे, हे खेदाने नोंदवावेसे वाटते.) रस्त्यासाठी टाकलेला मुरूम, वाहनांची चाके आणि छायाचित्रासाठी पाण्यात शिरणारे पाय यांचा धोका तर उघडच आहे. गुरांच्या चराईबाबत मात्र मी सरसकट बंदीची शिफारस करणार नाही. कासच्या कुंपणावरून झालेल्या वादात, चराई थांबल्याने उंच गवत माजते आणि लहान फुलझाडे दबतात, हे स्थानिकांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे होते.

मूळ जागेबाहेर या वनस्पतीचा राखीव साठा असणे उपयुक्तच आहे, पण तो परवानगी घेऊन, कंद कोणत्या डबक्यातला याची नोंद ठेवून, वनस्पती उद्यानांनी करावा.

आपल्याला हातभार लावायचाच असेल, तर पठारावर ठरवून दिलेल्या वाटेनेच चालावे आणि डबक्यात उतरू नये. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या एखाद्या पठारावर वायतुरा दिसला, तर छायाचित्र आणि तारीख यांसह त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवावे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असणे अपेक्षित आहे आणि लोक जैवविविधता नोंदवहीत त्या डबक्याची नोंद करण्याचा आग्रह आपण धरू शकता. नेमका ठावठिकाणा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये.