पाण्यातलं विचारा : मेक्सिकोतल्या विहिरीत उतरू का?

प्रश्न : ताई, मी 54 वर्षांची, घोडबंदर रोडला राहते. तीन वर्षांपूर्वी महापालिकेच्या तरणतलावात पोहायला शिकले, आता न थांबता आठ राउंड मारते. डिसेंबरात मुलगी-जावयाबरोबर मेक्सिकोला जायचंय. तिथल्या ‘सेनोते’ म्हणजे गोड्या पाण्याच्या डोहांत पोहायचं ठरतंय. टूरवाला म्हणतो, ‘आपल्या पूलसारखंच असतं.’ माझ्या चष्म्याचा नंबर चार. तोंडात नळी धरून पोहायचं, ते स्नॉर्कल जमेल का? जावयाने गेल्या वर्षी तारकर्लीला ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पातळीचं कार्ड काढलंय, त्याला आंहेलिता नावाच्या सेनोतेत डाइव्ह करायची आहे. जाऊ द्यावं का? आणि असं काही आपल्याकडे जवळपास नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टूरवाल्याला सांगा, पूल नव्हे, विहीर.

मी शहापूरकडच्या विहिरीत पोहायला शिकले, पाठीला डबा बांधून. पुढे सत्तावीस वर्षं ठाण्यात पोहायला शिकवलं. तरी चिचेन इत्साजवळच्या ईक किलमध्ये उतरले तेव्हा पायाचा अंगठा आपोआप फरशी शोधायला लागला. जमिनीपासून पाणी 26 मीटर खाली, म्हणजे आठ मजले जिना उतरायचा, तोही ओला. वरून झाडांची मुळं दोरखंडासारखी लोंबतात. पाण्याची खोली चाळीस मीटरच्या वर. बारकी काळी मासळी टाचेला लागली आणि मी, शिकवणारी बाई, चक्क ओरडले. तुम्ही आठ राउंड मारता, पण दर राउंडला कठडा हाताशी येतो. इथे कठडा नाही, उथळ बाजू नाही. कुठे आडवा दोर बांधलेला असतो, तो उतरतानाच हेरून ठेवा. आणि लाइफ जॅकेट घाला. ईक किलला ते सक्तीचंच आहे, पण नसतं तरी म्हटलं असतं. डबा बांधून शिकलेल्यांना त्याची लाज वाटत नाही. पाणी बाराही महिने 24-25 अंश. उतरताना छान वाटतं, अर्ध्या तासाने अंगावर काटा येतो.

स्नॉर्कल नक्की जमेल. त्यासाठी तुलुमजवळचं दोस ओहोस निवडा. नावाचा अर्थ दोन डोळे, आणि पाणी इतकं नितळ की तळ हाताला लागेलसं वाटतं. लागत नाही. चष्म्यावर मास्क बसत नाही, नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, तो इथूनच घेऊन जा. कोचला विचारून महिनाभर पूलमध्येच सराव करा : नळीत मुद्दाम पाणी घ्यायचं आणि एका जोरदार फुंकरीने बाहेर उडवायचं. बस, एवढंच. घाबरलेला माणूस नेमका त्याच क्षणी श्वास आत ओढतो.

आता जावईबापू. आंहेलितात साधारण तीस मीटरवर हायड्रोजन सल्फाइड या वायूचा ढगाळ थर आहे, त्यातून झाडांच्या फांद्या वर आलेल्या. फोटो मी पाहिलेत, मोह कळतो. पण ओपन वॉटरच्या कार्डाची मर्यादा 18 मीटर. तेव्हा नाही. त्यांनी दोस ओहोस करावं, केव्ह डायव्हिंग म्हणजे पाण्याखालच्या गुहांत उतरायला शिकलेल्या गाइडबरोबर, एका गाइडमागे चारच जण. बाहेरचा उजेड सतत दिसला पाहिजे, खोली आणि आडवं अंतर मिळून पृष्ठभागापासून 60 मीटरपलीकडे जायचं नाही, आणि टाकीतली एक तृतीयांश हवा संपली की मागे फिरायचं. आत एका जागी हाडांच्या सापळ्याच्या चित्राची पाटी असते, इथून पुढे जाऊ नका म्हणून. तिच्यापुढे उत्साह दाखवायचा नाही. तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यात लागलं तेवढं शिसं कमरेला बांधलं तर खाली ओढले जातील, कारण गोडं पाणी कमी तोलून धरतं. माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल, तर अडीच किलो कमी. किनाऱ्याजवळच्या सेनोतेंत खाली समुद्राचं पाणी शिरलेलं असतं. गोडं-खारं मिळतं तिथे सगळं थरथरतं, सरबतात साखर नुकती विरघळायला लागते ना, तसं. डोळे बिघडले असं समजून घाबरू नये. आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमान नको. तिकिटं आधी बघा, ही चूक फार जण करतात.

आपल्याकडे? नाही. हे सेनोते ज्या भागात आहेत, त्या मेक्सिकोतल्या युकातानची जमीन चुनखडीची. पावसाचं किंचित आम्ल पाणी ती विरघळवत जातं, आत पोकळी होते, एक दिवस छत कोसळतं. आपला काळा दगड असा विरघळत नाही. गंमत बघा : 6.6 कोटी वर्षांपूर्वी युकातानातल्याच चिक्शुलूबला अशनी आदळला, त्या विवराच्या कडेने सेनोतेंची माळच आहे, आणि त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता, म्हणजे आपला सह्याद्री. जवळपास म्हणून कुणी बंद दगडखाणीतलं हिरवं पाणी दाखवलं तर मात्र मुळीच उतरू नका. कडा सरळसोट असतात, वर यायला पाय ठेवायला जागा नसते.

एक राहिलंच. त्या दिवशी केसांना तेल नको, सनस्क्रीनही नको. उत्तर युकातानला वरून वाहणाऱ्या नद्या नाहीत, पिण्याचं पाणी याच जमिनीखालचं. म्हणून आधी शॉवरखाली उभं करतात. माझ्या वेणीचं खोबरेल बघून तिथल्या बाईने मला दोनदा परत पाठवलं.