मोटारहोमचं टॉयलेट गळतंय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

प्रश्न : फ्लश केलं की टॉयलेटच्या मागे पाणी साचतं. मेकॅनिक म्हणतो, अख्खं टॉयलेट बदला. गरज आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. मागची बाजू कोरडी पुसा, पाण्याचा पंप चालू ठेवा आणि फ्लश न करता अर्धा तास खाली टिश्यू पेपर पसरून ठेवा. कागद भिजला तर दोष वॉटर व्हॉल्व्हमध्ये (फ्लशचं पाणी सोडणारी-अडवणारी झडप) किंवा त्याच्या जोडात, कारण पंपाचा दाब तिथे सतत असतो. कागद कोरडा राहिला आणि फ्लश केल्यावरच भिजला, तर व्हॅक्यूम ब्रेकर (पाणी उलटं ओढलं जाऊ न देणारा छोटा भाग) किंवा तिथून भांड्याकडे जाणारी नळी तपासा. व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम ब्रेकर दोन्ही सुटे मिळतात. पंप बंद करून, नळ उघडून दाब काढला की बदलणं अवघड नाही.

कडाक्याच्या थंडीत व्हॉल्व्हमध्ये पाणी राहिलं असेल तर ते गोठून प्लास्टिक तडकतं. अशा तड्यावर गोंद टिकत नाही. नवा व्हॉल्व्हच घाला. जोडात रबरी वॉशर असेल तर टेफ्लॉन टेप लावू नका. आणि व्हॅक्यूम ब्रेकर वगळून नळी सरळ जोडण्याचा मोह कृपया टाळा. भांड्यातलं घाण पाणी पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ नये म्हणूनच तो असतो.

प्रश्न : भांड्यात पाणी ठरत नाही, हळूहळू खालच्या मैल्याच्या टाकीत उतरतं आणि दुर्गंधी येते.

उत्तर : भांड्याच्या तळाशी सरकणाऱ्या पात्याचं रबर सील पाहा. बऱ्याचदा सील खराब झालेलं नसतं, त्याच्या खाचेत कागदाचे तुकडे आणि क्षार अडकलेले सापडतात. पाणी बंद करा, हातमोजे घाला, पातं उघडं धरून जुन्या टूथब्रशने खाच पूर्ण गोल घासा. क्षार घट्ट असतील तर पांढरं व्हिनेगर लावून थोडं थांबा. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. ब्लीचने ते कडक होतं. तरीही पाणी उतरलं तर सील बदला. काही मॉडेलमध्ये ते वरून निघतं, काहींत टॉयलेट उचलावं लागतं, म्हणून मॉडेल नंबर पाहूनच भाग मागवा.

प्रश्न : पायथ्याशी ओल येते. कडेने सिलिकॉन भरलं तर चालेल?

उत्तर : नाही. गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि पाणी खालच्या प्लायवूडमध्ये मुरून जमीन कुजवतं. आधी भांड्यात खाण्याचा रंग टाकून फ्लश करा. ओल रंगीत असेल तर फ्लँजवरचं (टॉयलेट जिथे टाकीच्या तोंडावर बसतं ती जमिनीतली कडी) सील गेलं आहे. स्वच्छ असेल तर पहिल्या उत्तरातली तपासणी करा.

सील बदलण्याआधी टाकी रिकामी करून धुवा, खिडक्या उघडा, जवळपास ज्योत नको. पाण्याची नळी सोडवा, पायथ्याचे नट काढा, टॉयलेट सरळ वर उचला. लगेच भोकात चिंधी कोंबा. टाकीतला वायू वर येत नाही आणि नटही आत पडत नाही. फ्लँजला तडा आहे का, प्लायवूड बोटाने दबतं का, हेही आत्ताच बघा. घरच्या कमोडची मेणाची रिंग इथे वापरू नका, प्रवासातल्या हादऱ्यांनी आणि उष्णतेने ती सरकते. मॉडेलसाठीचं रबरी सीलच बसवा. चिंधी काढून टॉयलेट ठेवा आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. टॉयलेट डुलायचं थांबलं की थांबा. त्यापुढे जोर लावला तर पायथा तडकतो, आणि मग खरोखरच नवं टॉयलेट घ्यावं लागतं.

प्रश्न : कॅसेट (टॉयलेटखालची बाहेर काढून रिकामी करायची छोटी मैल्याची टाकी) काढताना थेंब पडतात.

उत्तर : कॅसेट धुवा, दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी भरा, पातं आणि टोपी बंद करून उलटी धरा. थेंब पात्याभोवतून आले तर पात्याभोवतीचं रबरी सील (लिप सील) बदला, ओतायच्या टोपीतून आले तर टोपीचा वॉशर. कॅसेट काठोकाठ भरू देत असाल तर नवं सीलही गळेल.