रूममेटला हेपॅटायटिस बी निघालाय, मेसमध्ये त्याच्यासोबत जेवू का? की खोलीच बदलू?

जेव की. एका ताटात जेवलास तरी काही होत नाही. एवढ्यावर तुझं काम झालं असेल तर पुढचं सोडून दे, मी त्या रूममेटच्या जागी होतो म्हणून लिहितोय.

२०१४, सेकंड इयर. एनएसएसचं रक्तदान शिबिर होतं, कॉफी-बिस्किटासाठी आमची अख्खी विंग गेलेली. आठ-दहा दिवसांनी ब्लड बँकेतून फोन, "एकदा येऊन भेटून जा". एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस बी आहे का हे दाखवणारी टेस्ट, पॉझिटिव्ह. मला त्रास काहीच नव्हता. मी येडा, जाऊन रेक्टरना सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत मेसला बातमी! दुसऱ्या दिवशी मेसच्या मावशींनी माझ्या ताटाला मागून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, वाटीला पण, ग्लासला पण, वर म्हणाल्या "राग मानू नको बाळा, मालकांनी सांगितलंय." रूममेट गादी उचलून वरच्या मजल्यावर. मजा म्हणजे गणपतीच्या जेवणाला गर्दीत सगळी ताटं एकत्र घासली गेली आणि पुढचे चार दिवस ते ठिपक्याचं ताट कोण कोण वापरत होतं कुणाला पत्ता नाही. मला दिसत होतं, मी गप्प बसलो. कुणाला काय होणार? खाण्यापाण्यातून पसरते ती ए आणि ई. बी जातो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. आपल्याकडे सगळ्यालाच कावीळ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

घरी त्याहून भारी. आमचे थोरले काका आईसमोर म्हणाले, "शिकायला पाठवला आणि हे धंदे करून आला." वर गावातून काविळीची माळ आणली, आईसाठी दोन दिवस घातली मी ती. मग डॉक्टरांनी सगळ्या घराची टेस्ट करायला लावली आणि आई पॉझिटिव्ह निघाली, तिलाही आयुष्यात कधी काही त्रास नाही. जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये हा व्हायरस कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर शंभरात पाचपेक्षा कमी जणांत. म्हणजे माझे जे काय धंदे होते ते बहुतेक मी एक दिवसाचा असतानाच उरकले होते. आई केबिनमध्ये एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच दिला का रे तुला?" आणि काका? "तिच्या माहेरचंच असणार." अहो, लग्नानंतर वीस वर्षं ती तुमच्याच गावात राहिली, जिथे एक काचेची सिरिंज पातेल्यात उकळून अख्ख्या आळीला टोचायचे, रांगेत तुम्ही पण होतात!

असो. तू स्वतःची टेस्ट कर, निगेटिव्ह आली की लस घे, आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. लहानपणी घेतली असेल असं धरून चालू नकोस, सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ मध्ये आली, तुझ्या वयाची बरीच पोरं त्याआधीची. मी डॉक्टर नाही हेही सांगून ठेवतो. आणि बिनधास्त म्हटलं तरी रेझर, ब्रश, नेलकटर कुणाचंच वापरू नये, वाळलेल्या रक्तात हा सात दिवस टिकतो. रूममेटला सांग, दारू बंद, झाडपाल्याची औषधं बंद, दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी. गोळ्या सगळ्यांनाच लागत नाहीत, मला अजून नाहीत. लागल्याच तर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात टेस्ट आणि औषध दोन्ही फुकट आहे. आणि त्याला झाला कसा हे विचारू नकोस, त्याच्या घरच्यांना तर अजिबात नको.

काकांनी अजून टेस्ट केलेली नाही. मी पैसे भरतो म्हटलं, गाडीने नेतो म्हटलं, तर म्हणतात "मला काय झालंय?" मलाही काही झालं नव्हतं.