हृदयाच्या झडपेतून जाणारं रक्त म्हणजे पाइपातलं पाणीच ना? मग संगणकावर मांडायला एवढं अवघड काय, आणि घरच्या लॅपटॉपवर जमेल का?

समीकरणं तीच, वाहत्या द्रवाची गती सांगणारी, नेव्हिये-स्टोक्सची. रक्ताची चिकटाई पाण्याच्या साधारण तीन-चार पट, आणि हृदयाच्या मोठ्या कप्प्यांत त्याला साधा द्रव मानलं तरी भागतं. एम.टेक.ला मी हा विषय घेतला तो याच भरवशावर. पाइप दोन दिवसांत सुटला. झडपेनं सहा महिने खाल्ले.

विहिरीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह आठवा. त्यातली झाकणी टणक असते, वर किंवा खाली, एवढंच तिला ठाऊक. हृदयाच्या झडपेचे पडदे पातळ नि लवचिक. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला लाखावर वेळा ते उघडमीट करतात, तेही स्वतःचा स्नायू न वापरता, निव्वळ रक्ताच्या रेट्यानं. रक्त पडद्याला वाकवतं, पडदा वाकला की रक्ताची वाट बदलते, वाट बदलली की पडद्यावरचा जोर बदलतो. म्हणजे दोघांचं गणित एकदमच सोडवायला हवं.

गणितासाठी जागेच्या छोट्या चौकटी पाडतात, ती जाळी (मेश) मी पडद्याला चिकटवून बसलो होतो. पडदा हलला की जाळीही ताणायची. झडप मिटत आली की दोन पडद्यांमधल्या चौकटी चिरडायच्या आणि प्रोग्राम मान टाकायचा. बहुधा पहाटे तीनला.

चार्ल्स पेस्किन या अमेरिकन गणितज्ञानं 1972 मध्येच यावर तोड काढली होती: जाळी हलवायचीच नाही. रक्तासाठी चौकोनी, स्थिर जाळी. पडदा म्हणजे तीत सोडलेली बिंदूंची माळ, बिंदू एकमेकांना स्प्रिंगनं बांधलेले. माळ ताणली की निर्माण होणारा जोर जाळीच्या जवळच्या गाठींवर वाटून द्यायचा, त्या जोरासकट द्रवाचा वेग काढायचा, आणि त्याच वेगानं बिंदू सरकवायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. द्रवाच्या लेखी पडदा नाहीच, फक्त कुठूनतरी आलेला जोर आहे! पुढे पेस्किन आणि डेव्हिड मॅक्वीन यांनी याच पद्धतीनं कृत्रिम झडपेच्या पाकळ्यांची बिजागरी कुठे असावी, त्यांना बाक किती द्यावा, हेही तपासलं.

फुकट काहीच मिळत नाही. जोर तीन-चार गाठींवर पसरतो, म्हणून पडद्याची कड धूसर होते. पडद्याला अगदी लागून रक्ताचं घर्षण किती, हे विचारायचं असेल तर माझ्या मते ही पद्धत पहिली निवड नव्हे. पडद्यामागे भोवरा कसा धरतो हे मात्र ती छान दाखवते. महाधमनीच्या झडपेमागचे हे भोवरे लिओनार्दो दा विंचीनं 1513च्या सुमारास टिपून ठेवलेत. काचेच्या नमुन्यात पाणी आणि गवताचं बी सोडून पाहायची त्याची कल्पना होती.

लॅपटॉपवर द्विमितीय नक्की जमेल. पण झडपेला लगेच हात घालू नका. 64 × 64 ची जाळी घ्या, तीत लंबवर्तुळाकार रबरबँड सोडा. तो डुलत डुलत गोल व्हायला हवा आणि आतलं क्षेत्रफळ तेवढंच राहायला हवं. ते हळूहळू घटत असेल तर बिंदू विरळ आहेत, पडदा गळतोय. मधलं अंतर जाळीच्या चौकटीच्या निम्म्यावर आणा. आणि प्रोग्राम एकदम उधळला तर आधी स्प्रिंगचा कडकपणा बघा. पडदा जितका कडक, तितका वेळेचा टप्पा (दर फेरीत पुढे सरकणारा वेळ) लहान घ्यावा लागतो.