'ऑपरेटर एरर' लिहून मोकळा होऊ नकोस

अरे, नाइट शिफ्टच्या रिजेक्शनवरचा, म्हणजे नापास मालावरचा, रिपोर्ट वाचला तुझा. फिशबोन, ती कारणं मांडायची माशाच्या काट्यासारखी आकृती, मस्त काढलायस, रंगबिंग भरलेत, पण शेवटी रूट कॉज काय तर 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' आणि अ‍ॅक्शन काय तर 'ट्रेनिंग दिले'. तोच माणूस फर्स्ट शिफ्टला असताना रिजेक्शन किती होतं, काढलंस का? ते आधी काढ.

माझंच सांगतो. नाइटला कास्टिंगच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, फिनिश खराब यायचं, मी ऑपरेटरला मेमो देऊन टाकला. तरी थांबेना, मग एकदा रात्री अडीचला जाऊन मशीनपाशी नुसता उभा राहिलो, काही विचारलं नाही, त्याच्याबरोबर चहा प्यायलो, मग तो आपणहून बोलायला लागला. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापायचं पातं, झिजलेला, पण बदलणार कुठून, स्टोअर रात्री बंद, आणि सुपरवायझर कपाटात दोन जास्तीचे ठेवेना कारण टूल कॉस्टचं टार्गेट, एक जरी जास्त गेला तरी सकाळच्या मीटिंगमधे त्याची खरडपट्टी. ते टार्गेट कोणी लावलेलं? मीच की! एसीत बसून, एक्सेलमधे. इन्सर्ट वाचवायला आम्ही तयार कास्टिंग भंगारात घालत होतो. तो मेमो मागे घेतला, पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

टोयोटाच्या ताइइची ओनोंनी पाचदा 'का' विचारायला सांगितलं, आपण त्याचा पाच चौकटींचा फॉर्म करून टाकला. त्यांचंच उदाहरण बघ: मशीन बंद कारण फ्यूज उडाला, लोड जास्त कारण बेअरिंगला ऑइल कमी, कारण पंप नीट ओढेना, कारण त्याचा शाफ्ट झिजलेला, कारण गाळणीच नव्हती म्हणून चुरा आत गेला. यात एकाही माणसाचं नाव नाही, लक्षात आलं?

आणि 'हे तर नेहमीचंच आहे सर' असं कोणी म्हणालं की तिथेच थांबायचं. 2003 ला कोलंबिया यान पडलं, आपली कल्पना चावला गेली त्यात, तर इंधनाच्या टाकीवरचा फोम सुटून पंखावर आदळला होता, तो आधीच्या उड्डाणांतही सुटायचा, काही बिघडलं नाही म्हणून चालवून घेतलेलं. चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष नासाच्या कामाच्या पद्धतीला दिला.

तर उद्या नाइटला जा. वही नको नेऊस, साहेब लिहितोय दिसलं की सगळे एसओपी, म्हणजे कागदावरची ठरलेली पद्धत, पाठ म्हणून दाखवतात. आणि रिपोर्टमधला ऑपरेटरचा तो टोकन नंबर खोडून सोमवारी परत पाठव मला.