दीड महिन्यावर घर बदलायचं आहे, दोघंही नोकरी करतो. बांधाबांध कधीपासून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की खोकी आणून ठेवली आहेत, पण हात कुठून घालायचा ते कळत नाही. माझं मत विचाराल तर खोक्यांना इतक्यात हात लावू नका. बांधाबांध शेवटच्या पंधरा दिवसांत होते. घोळ होतो तो ज्या कामांत दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागते, त्यांत. म्हणून ती कामं आधी.

या शनिवारी टेप घेऊन नव्या घरी जा. दरवाजा मोजताना चौकट ते चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा उरते ती मोजा, कारण उघडलेलं दारही तीन-चार सेंटिमीटर खातं. (अगदी तेवढ्यासाठीच अडलं तर दार बिजागऱ्यांवरून उतरवता येतं.) सोफ्याच्या लांबीची काळजी करू नका, तो उभा करूनही नेता येतो. त्याची उंची आणि पुढून मागपर्यंतचं माप, या दोनांतलं लहान माप दरवाज्यातून जायला हवं. लिफ्टचं दार, आतली उंची आणि जिन्याच्या वळणावरची जागाही लिहून आणा. जे आत जाणारच नाही ते विकायला किंवा देऊन टाकायला आता सहा आठवडे आहेत. आदल्या रात्री कळलं तर काहीच करता येत नाही.

मग सामान कमी करा आणि त्यानंतरच गाडीवाल्यांना बोलवा. अंदाज चुकतो तो दिसणाऱ्या सामानामुळे नाही, माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे कप्पे दाखवायचे राहतात म्हणून. दोन-तीन जणांकडून लेखी अंदाज घ्या. त्यात मजले, लिफ्ट आहे की नाही, गाडी दारापासून किती लांब उभी राहील, फर्निचर कोण सोडवणार आणि कोण जोडणार, हे सगळं यायला हवं. फुटतुटीची भरपाई कशी मिळते तेही विचारा. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली तर बऱ्याचदा जबाबदारी घेत नाहीत. दोन्हीकडच्या इमारतींत सामान हलवायच्या वेळा ठरलेल्या असतील, तर तारीख पक्की करण्याआधीच विचारून घ्या.

यंत्रांचं वेळापत्रक वेगळं. स्प्लिट एसी काढताना आतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून व्हॉल्व्ह बंद करतात आणि त्यासाठी एसी चालू असावा लागतो. म्हणजे वीज तोडायची तारीख एसी काढण्यानंतरचीच हवी. हे सांगायचं कारण, अनेकजण निघायच्या दिवसापासूनच जोडणी बंद करायचा अर्ज देऊन टाकतात. वीज आणि पाणी एक दिवस जास्त राहू द्या, मागची झाडलोटही होते. मीटरच्या आकड्याचा फोटो मात्र काढा.

पुढून उघडणारं वॉशिंग मशिन असेल तर त्याच्यासोबत आलेले लांब बोल्ट आजच शोधा. ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हे बोल्ट मागून लावून तो जखडला नाही, तर गाडीच्या धक्क्यांनी आधार खिळखिळे होतात. हरवले असतील तर त्याच मॉडेलचे मागवायला वेळ लागतो. खालच्या फिल्टरचं झाकण उघडून साठलेलं पाणी काढा. नव्या घरी मशिन सुरू करण्याआधी बोल्ट काढायला विसरू नका, नाहीतर मशिन जागेवर नाचतं आणि बिघडतं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, दारं उघडी ठेवा, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. न्यायचा उभाच. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. मग नव्या घरी तो दिवसभर उभा ठेवूनच चालू करावा. उभा नेला तर दोन-चार तास पुरे.

आता खोकी. पुस्तकांसाठी लहानच घ्या, फूट-सव्वा फुटाची. तेही पुस्तकांनी गच्च भरलं तर वीस किलोच्या आसपास जातं, म्हणून दोन-तृतीयांश पुस्तकं आणि वर कपडे. तळाला चारही पाकळ्या एकमेकींत अडकवून भागवू नका, वजनानं मध्ये फट पडते. सांध्यावर लांबीत दोन पट्ट्या आणि आडवी एक लावा. ताटल्या एकेक गुंडाळून उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की सगळा भार आणि प्रत्येक धक्का तळच्या ताटलीवर येतो. खोकं अर्धवट रिकामं राहिलं तर वरच्याच्या वजनानं दबतं, तेव्हा पोकळी कागदानं किंवा टॉवेलनं भरा. बंद करण्याआधी हलवून बघा, आत खडखडलं तर परत उघडा.

खोली आणि क्रमांक बाजूंवर लिहा, झाकणावर नको; एकावर एक रचली की झाकणं दिसत नाहीत. वहीत क्रमांकापुढे आतलं सामान लिहिलंत, की उतरवताना मोजणीही होते.

स्वयंपाकघराला पूर्ण दोन दिवस ठेवा. इतर खोल्या रोज संध्याकाळी तासाभरात होत जातात, ही नाही.

सोडवलेल्या फर्निचरचे स्क्रू पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवा. भुशाच्या फळ्यांचं कपाट शक्यतो सोडवू नका, स्क्रूची भोकं एकदा सैल झाली की पुन्हा पकड येत नाही. गॅस सिलिंडर, रंग, थिनर सामानाच्या गाडीत नकोत. कागदपत्रं, औषधं, दागिने तुमच्याच पिशवीत. आणि चादरी, चार्जर, टॉयलेटचं सामान, स्क्रूड्रायव्हर, कात्री यांचं खोकं गाडीत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे उतरताना ते पहिलं हाती येईल.